आत्यांनी पुन्हा लावायला सांगितलेली रेकॉर्ड

मंडळी, तुमचं हार्डकोर पंकचं आरडाओरडीचं संगीत घरात कुणी ऐकून घेतं का? माझं आजपर्यंत कुणीच न्हाय.

सकाळी नवी रेकॉर्ड पोस्टानं लोहाऱ्यात आली. लगेच लावली. पंकची नुसती धावपळ आणि मधेच मेटलची जड, संथ गिटार. लई खूश झालो! तेवढ्यात माझ्या म्हाताऱ्या आत्या आल्या. म्हटलं, आता शिव्या खायच्या.

"कुणावर वरडतोय रं ह्यो?"

"राबवून घेणाऱ्यांवर, आत्या."

त्या खाली टेकल्या. "बहात्तरच्या दुष्काळात आमी खडी फोडायचो. असाच दणका चालायचा. पर वरडायचा एकटा मुकादम. आमी गप."

रेकॉर्ड संपली. मी बंद करायला उठलो.

"फिरून लाव. आवाज वाढीव. मुकादम मेलाय, पर त्याला ऐकू जाऊ दे."