फ्रिजला टेकलेला जावई

फुटबॉलची मॅच खेळाडू जिंकत नाहीत, घरी बसून बघणारे जिंकून देतात, असं मनापासून मानणारा माणूस जगात एकच असेल, आणि ते नेमके माझे सासरे आहेत. मॅच रंगात आली की जो जिथे असेल त्याने शेवटपर्यंत तिथेच राहायचं, हा त्यांच्या करी रोडच्या घरातला कायदा. एका वर्ल्ड कपला त्यांचा लाडका संघ पुढे गेला तेव्हा सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. जुडी संपली तरी त्यांना उठू दिलं नाही, निवडलेलीच पुन्हा निवडायला लावली.

हे मॅचपुरतं असतं तर मी सोसलं असतं. पण यंदा त्यांनी मालिका धरली, तीही फुटबॉलमधल्या भ्रष्टाचारावरची. त्यातल्या गोलकीपरवर पैसे घेऊन फायनल विकल्याचा आळ येतो. पहिल्या भागात मी पाणी घ्यायला उठलो आणि फ्रिजला हात लावला, तेवढ्यात त्या गोलकीपरला जामीन मिळाला. संपलंच. तेव्हापासून दर रविवारी दुपारी, मटण-वड्यांचं जेवण अंगावर आलेलं असताना, समोर रिकामा सोफा आणि मी फ्रिजपाशी उभा. एकदा मी म्हटलंही, की बाबा, ही मालिका केव्हाच शूट होऊन गेलीय, मी बसलो काय नि उभा राहिलो काय. त्यावर त्यांनी माझ्याकडे न बघताच, शिट्टी वाजेपर्यंत मॅच संपत नसते, असं ऐकवलं.

मी चिडून बायकोकडे तक्रार केली, तेव्हा तिने सांगितलं. तरुणपणी बाबा गिरणीच्या संघाचे गोलकीपर होते. फायनलला अगदी साधा चेंडू त्यांच्या हातून निसटला आणि मॅच विकली म्हणून अख्ख्या चाळीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. बाबांनी कुणाला काही खुलासा केला नाही. फक्त पुन्हा कधी मैदानात उतरले नाहीत.

शेवटच्या भागाला सगळे आपापल्या जागी होते. सासूबाई कोथिंबिरीपाशी, बायको दारात, मी फ्रिजला. कोर्टातला प्रसंग संपता संपेना. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मी क्षणभर, खरंच क्षणभर, सोफ्याच्या हातावर टेकलो आणि तिकडे गोलकीपर रडत म्हणाला, की हो, मी मॅच विकली.

बायकोने टीव्ही बंद केला. सासरे सावकाश माझ्याकडे वळले.

"बसलात ना, जावईबापू?"

वैतागून मी तोंड उघडणार होतो, पण ते पुन्हा काळ्या पडद्याकडे बघायला लागले होते.

"तेना मॅच इकूक नाय," ते स्वतःशीच मालवणीत म्हणाले, त्याने विकलीच नाही म्हणून. मग, "बॉल ओलो होतो."

मालिकेतल्या मॅचला लख्ख ऊन होतं. सासूबाईंचे हात कोथिंबिरीत थांबले. मला फार वाईट वाटलं. मी उठलो, फ्रिजला हात लावून उभा राहिलो आणि बायकोला म्हटलं, हा भाग पुन्हा पहिल्यापासून लाव.