वळणावरून दिसणारी पाटी

शरदिनीकाकूंच्या दारावर एक पाटी होती, आणि त्या पाटीपायी घर जायची वेळ आली होती. काशीत बालाजी घाटावरून वर चढून वळलं की त्यांचं घर. खाली एक खोली, वर एक. भिंतीतून गल्लीत आडवी निघालेली पत्र्याची निळी पाटी: 'यात्रेकरूंची उतरण्याची सोय'. ती लावली होती त्यांच्या यजमानांनी, यज्ञेश्वर गुरुजींनी. गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली. यात्रेकरू आता फोनवरच हॉटेल ठरवून येतात. वरच्या खोलीत काकू कापूस पिंजून ठेवतात, वाती वळून पूजेच्या दुकानांना देतात, त्यावर घर चालतं.

सर्वेक्षणवाल्याने पाटी वाचली आणि घर लॉजमध्ये धरलं. त्याला तरी काय बोलणार? गृहकर काकूंच्या आवाक्याबाहेर गेला, त्यावर दंड चढला, आणि शेवटी टाळं लावायची नोटीस आली.

मी साताऱ्याहून बँकेच्या बदलीवर आलेला, समोरच राहणारा. नोटीस वाचून माझं डोकंच फिरलं. "काकू, ही पाटी इतकी वर्षं कशाला ठेवलीत? कोण उतरतं तुमच्याकडे?"

"संपदा येते ना," त्या म्हणाल्या.

संपदा कराडची. दर कार्तिकात महिनाभर काकूंकडे उतरायची. पहाटे दोघी पंचगंगा घाटावर न्हायच्या, मग दिवसभर आमटीत गूळ किती घालायचा यावर भांडायच्या. बाईला रस्ते म्हणून लक्षात राहत नसत. दरवर्षी त्याच वळणावर चुकायची, मान वर करून निळी पाटी शोधायची आणि तिथूनच हाक मारायची, "शरे!" काशीत काकूंना 'शरे' म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. करोनाच्या टाळेबंदीआधीच्या कार्तिकात ती शेवटची आली. त्यानंतर तिचा फोन लागत नाही. माझ्या ओळखीतून कराडात चौकशी केली, तिने घर बदललं एवढंच कळलं.

मध्यंतरी वॉर्डात थकलेल्या गृहकराचं शिबिर लागलं. मी काकूंना जवळजवळ ओढतच नेलं. टेबलामागचा बाबू भला माणूस होता. त्याने पाणी दिलं, कागद पाहिले. "अम्मा, आप खुद रहती हैं, विधवा हैं, छूट मिल जाएगी. पुराना दंड भी माफ. बस वो बोर्ड उतरवाकर फोटो दे दीजिए."

काकू मलाच म्हणाल्या, "त्याला विचार, कार्तिकानंतर काढली तर चालेल का?"

शिबिर कार्तिकाच्या आधीच संपत होतं.

घरी येताना मी म्हणालो, "दारावर गुरुजींच्या नावाची पाटी लावू."

"नाव तर सगळ्या दारांवर आहे. ती नाव नाही वाचत, वर बघते. बोर्ड नाही दिसला तर ती गल्ली भुलून जाईल, मग कोणाला पुछेल?"

मला राग आला. काकूंवर की त्या कराडच्या बाईवर, कोण जाणे. "अहो, घरच राहिलं नाही तर ती उतरणार कुठे?"

दुसऱ्या दिवशी काकू स्वतःच माझ्या दारात आल्या आणि पाना मागितला. पाटी मी उतरवली, त्यांनी खालून धरली. पुसून ती वरच्या खोलीत, संपदाच्या खाटेखाली ठेवली. फोटो गेला, घर लॉजमधून सुटलं, दंड माफ झाला. राहिलेला कर वातींच्या पैशातून फिटण्याजोगा होता. मी पेढे आणले. काकूंनी एक देवापुढे ठेवला, बाकीचे मलाच परत दिले.

मग कार्तिक लागला. सकाळी बँकेत निघालो, तर काकू घरासमोर भर गल्लीत स्टूल टाकून वाती वळत बसलेल्या. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. अंगावर निळं नऊवारी लुगडं, एरवी सणावारी काढतात ते.

"काकू, इथे कुठे बसलात? एखादी स्कूटर धडकेल. आत बसा की."

"आत बसले तर दिसेन का?" त्या म्हणाल्या. "तू जरा मोडावर जा ना. तिथून बघ, मी दिसते का."

मी वळणापर्यंत गेलो आणि मागे फिरून पाहिलं. काकू हातातली वात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

"दिसता," मी तिथूनच ओरडून सांगितलं.