आत्या, कथील आणि कढी

आत्याच्या मते जगात मूर्खांची टंचाई कधीच पडली नाही. कुणाकडे गेली की माणसांच्या आधी ती भांडी पाही, आणि बहुतेक घरं तिच्या मनातून तिथंच उतरत. आखाडा बाळापुरात पितळेच्या भांड्यांतला स्वयंपाक तिनं शेवटपर्यंत सोडला नाही.

कलईवाला आला की त्याच्याकडची कथलाची कांडी ती कानाशी नेऊन वाकवी. शुद्ध कथील वाकताना बारीक कुरकुरतं. शिसं मिसळलेलं मुकं राहतं. आवाज आला नाही तर कांडी त्याच्या अंगावर फेकून म्हणे, "शिसं खाऊ घालतो व्हय रे? तुझ्या सासूला घाल." मग मुकाट्यानं खरी कांडी बाहेर निघे. कलई चांदीसारखी दिसते, असं मी एकदा म्हणालो. "चांदी मिरवायला," ती फणकारली. "आंबट सोसतं ते कथील."

एकुलत्या लेकीच्या, नंदाच्या लग्नात कढीसाठी तिनं हट्टानं आपलं ताजी कलई केलेलं पातेलं दिलं. आचाऱ्याचा जन्म जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांत गेलेला. त्यानं ते रिकामंच भट्टीवर चढवलं आणि फोनवर बोलत बसला. कथलाला तेवढी आच पुष्कळ होते. कलई वितळून ओघळली, पितळ उघडं पडलं, आणि त्या शहाण्यानं त्यातच ताक ओतलं.

"काहून रे, रिकामं तापवलंस?"

"मावशी, जरा चमक गेली. चवीला काय होतंय?"

"चमक? गाढवा, कळकून राहिली ना कढी! विष झालं तिचं!"

पंगत बसलेली होती. आत्यानं पातेल्याला हात घातलेला पाहून सेनगावचे व्याही पहिल्या पानावरून ओरडले, "वरपक्षाच्या पानात कढी नाही? सांडली तर मी उठून जाईन!"

"उठा," आत्या म्हणाली आणि तिनं पातेलं कलंडवलं.

ते उठले. लग्न लागलेलंच होतं, म्हणून नंदा सासरी गेली; पण त्यानंतर तिला माहेरी पाठवलं नाही. एवढ्याशा मानासाठी एवढा मोठा सूड घेणाऱ्या माणसाला समाज इभ्रतदार म्हणतो. आत्या वाट पाही आणि वर म्हणे, "न येईना का. जित्ती हाय ना?" तोंड मात्र भिंतीकडे असे.

नंदा आली ती आत्या गेल्यावरच. दहाव्याला व्याही चारचौघांत म्हणाले, "बाई घमेंडी होती. भरल्या पंगतीतून उठवलं मला."

पाणी देणारी नंदा सासऱ्यापुढं थांबली. "मामा, उठले फक्त तुमी. बाकीचे वरणभात जेवून धडधाकट घरी गेले."

व्याही जीप काढा म्हणाले. नंदा जागची हलली नाही. "तुमी व्हा पुढं," ती म्हणाली. "मी माझ्या आईच्या घरी राहून राहिले."