जांभळी पिन

झेंडूचा वास आला की मला पोलादपूरच्या आमच्या घरातला तो दसरा आठवतो. मुंबईहून आलेल्या चुलतभावाने पूजेसाठी 'स्लीप'वर झोपलेल्या कॉम्प्युटरच्या कीबोर्ड-माउसच्या वायरी काढून पुसल्या, परत लावल्या, हळदकुंकू वाहिलं, आणि मग कॉम्प्युटर जागाच होईना. "काका, हिनंच काहीतरी करून ठेवलंय," तो म्हणाला, आणि बाबांनी मला यापुढे कॉम्प्युटरला हात लावायचा नाही असं बजावलं. मी मागे डोकावून पाहिलं. कीबोर्डची जांभळी पिन हिरव्या भोकात होती आणि माउसची हिरवी जांभळ्यात. सोनं द्यायला येणाऱ्या प्रत्येकासमोर तो घाम पुसत बटणं बडवत होता. "झोपलाय तर हाक मार ना रे, कवापासून ठोकतोस," शेजारच्या काकू म्हणाल्या. "हिला सांगा, कॉन्व्हेंटवाली आहे, इंग्रजीत उठवेल," तो हसला. खोली माणसांनी भरेपर्यंत मी थांबले. मग उठून पिना बदलल्या आणि स्पेसबार दाबला. पडदा उजळला. "दादा, पिना तू उलट्या लावल्या होत्यास," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, मराठीत. अजूनही दर दसऱ्याला त्याच्या हातावर सोनं ठेवताना मी हळूच विचारते, "दादा, जांभळी कुठे लावायची?"