पांढरी राहिलेली गल्ली

पायाला भिंगरी लागलेली पोर, म्हणून आईनं लाडानं भिंगरीच म्हणायला सुरुवात केली. पोर पुढं विद्यापीठात शिकवायला लागली, 'शहर आणि आरोग्य' असा भारदस्त विषय, पण भिंगरी ती भिंगरीच! विद्यार्थ्यांना वर्गात बसवेल तर शपथ. वस्तीत जा, दारं वाजवा, दम लागणारं कुणी असेल तर नकाशावर ते घर लाल करा. बाकीची पांढरी.

त्या दिवशी नगरपालिकेचे साहेब नकाशा बघायला आले होते. लाल घरं जास्त तिथं फिरता दवाखाना उभा राहणार होता. एकच गाडी, एकच जागा. साहेबांचा चहा होईपर्यंत भिंगरी नकाशासमोर येरझाऱ्या घालत होती. काहीतरी खुपत होतं, काय ते कळेना.

मग दिसलं. सूतगिरणीमागची गल्ली पांढरीशुभ्र! ती लहानाची मोठी झाली ती गल्ली. आईनं उभा जन्म त्या गिरणीत, कापसाच्या धुळीत काढला, अजून त्या गल्लीतच राहते. तिथं एकालाही दम लागत नाही? काहीतरीच काय!

तिनं गल्लीवर बोट ठेवून मुलांकडं पाहिलं. "तिथं दुपारी गेलो होतो," एक विद्यार्थिनी म्हणाली. "बरीचशी दारं उघडलीच नाहीत."

"मग?"

"मग काय, पांढरी ठेवली."

बंद दाराचं काय करायचं, हे भिंगरीनं कधी सांगितलंच नव्हतं. तिनं बाहेर येऊन आईला फोन लावला.

"आई, आमची मुलं आली होती का गं?"

"आली होती की. गोड आवाज होता एकीचा."

"मग दार का नाही उघडलंस?"

"उठले असते तर खोकल्याची उबळ आली असती. पोरींनी तुला सांगितलं असतं. तू आधीच जिवाला घोर लावून घेतेस."

"किती दिवस चाललंय हे?"

"ठेव आता फोन. तुझं काम खोळंबलं असेल."

भिंगरीला रडू फुटलं आणि रागही आला, आईचा की स्वतःचा, देव जाणे. तोंडावर पाणी मारून ती आत गेली. साहेबांचं बोट नदीकाठच्या लाल ठिपक्यांवर टेकलं होतं. शेजारी उभे असलेले तिचे विभागप्रमुख खूश होते. तिची नोकरी कायम करायची की नाही, हे त्यांच्याच हातात होतं.

"हा नकाशा चुकलाय," ती म्हणाली.

विभागप्रमुखांनी डोळे वटारले. "मॅडम, आत्ता नको."

"आत्ताच. बंद दारं आम्ही निरोगी धरली. चूक मुलांची नाही, माझी आहे. लोक घरी असतील तेव्हा पुन्हा जाऊ, तोवर गाडीची जागा ठरवू नका."

साहेब वैतागले. "बंद दारामागं आजारी माणसं आहेत, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"त्यातल्या एका दारामागं माझी आई आहे," भिंगरी म्हणाली. "आणि मला ते आत्ता कळलं."