कणकेला टिकणारा वूफर

बोलण्याआधी समोरच्याच्या दंडाला हात लावायचा.

चहा बशीत ओतून स्वतः प्यायचा आणि कप दुसऱ्याकडे सरकवायचा.

स्क्रू ओठांत धरून बोलायचा. त्याचं निम्मं बोलणं अंदाजानं समजून घ्यावं लागे.

कुठल्याही गाडीत बसला की आधी दाराच्या पत्र्यावर टिचकी मारायचा.

गिऱ्हाइकाच्या गाडीत शिरताना चपला बाहेर काढायचा. एकदा चपला वडवणीतच राहिल्या आणि हा तेलगावला अनवाणी उतरला.

आवाज मनासारखा लागला की जिभेचं टोक बाहेर यायचं. लहान मुलांचं चित्र रंगवताना येतं तसं.

असा बसवेश्वर. आम्ही बसू म्हणायचो. गेल्या आठवड्यात तो गेला. चौतीस वर्षांचा होता. दुकानात बसल्या बसल्या छातीत कळ आली, आणि गाडी बीडच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं संपलं होतं.

वडवणीत स्टँडच्या पुढे त्याचं दुकान. गाड्यांना साउंड बसवायचं. आमचं घर समोरच. बी. ए. झाल्यापासून माझा बराचसा दिवस त्याच्या बाकड्यावर जायचा. तो मला मास्तर म्हणायचा. मी मास्तर झालेलो नाही, हे त्याला माहीत होतं.

त्याच्याकडे येणाऱ्या गाड्या डांबरावर कमी आणि खडीवर जास्त चालायच्या. उसाचे ट्रॅक्टर, वस्त्यांवर जाणाऱ्या जीपा, दुधाचे पिकअप. गहिनीनाथ डोंगरातल्या वस्त्यांवरून दूध आणतो. एका सकाळी त्यानं वूफरची, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरची, पेटी आणून फळीवर आदळली.

"बंद पडला."

"कावून?"

"मला काय इचारतो बे? तूच दिलाय."

"मी दिला तवा गात व्हता. तू काय केलंस ते सांग."

"काय न्हाई. वर दुधाचे कॅन ठिवले."

"किती?"

"मावले तेवडे."

बसूनं पेटी हलवली. आत काहीतरी खुळखुळलं.

"गहिन्या, ह्यो वूफर हाय. पाट न्हाई."

"मग असा दे ना, जो पाट बी व्हईल."

बसू हसला. पण तसाच वूफर शोधणं हे त्याचं खरं काम होतं. आवाज किती मोठा, हे त्याला विचारलेलं आवडत नसे. आदळल्यावर किती उरतो ते विचारा, म्हणायचा. वूफरची चौकट पत्र्याची असेल तर मागच्या चुंबकाच्या वजनानं ती खड्ड्यात वाकते. एकदा वाकली की आतली तार घासायला लागते आणि जळते. म्हणून चौकट ओतीव हवी. कड फोमची नको, उन्हानं तिचा चुरा होतो; रबरी घ्या. पेटी भुशाच्या फळीची नको, पाणी लागलं की फुगते, प्लायवूडची करा. आणि ती नुसती मागं ठेवू नका, रबर घालून गाडीच्या तळाला आवळा. हे सगळं तो ओठांत स्क्रू धरून सांगायचा.

त्याचे वडील गुरुपाद अप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, भेटणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून "शरणार्थी." महादेवाच्या देवळात सोमवारच्या भजनाला पखवाज अप्पांचा. शिवरात्रीला धर्मापुरीच्या देवळातही तेच वाजवायचे. मग त्यांचे कान जायला लागले. आधी पाखरं गेली. मग सुनेचा आवाज गेला. मग बसूचा. बीडच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. त्यात नुसती शिट्टी वाजते म्हणून अप्पांनी ते भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं. पखवाज खुंटीला टांगला आणि सोमवारी घरी बसायला लागले. जे थोडं ऐकू येतंय तेही हळूहळू जाईल, असं डॉक्टरांनी बसूला सांगितलं होतं.

थोडं म्हणजे काय, ते दुकानापुढे कळलं. गिऱ्हाइकाची जीप उभी होती. अप्पा सावली म्हणून तिच्या मागच्या बाकड्यावर बसले होते. बसू पुढून कुठलंतरी भजन लावून वूफर तपासत होता. मी अप्पांकडे बघत होतो. त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली. आधी उजवी, मग डावा पंजा. ठेका बरोबर पडत होता.

"वाजतंय," अप्पा म्हणाले.

बसू पुढच्या सीटवर तसाच थांबला. पातळ आवाज अप्पांचे गेले होते. जाड आवाज अजून पोचत होता, बाकड्यातून, पाठीतून, कुठून का होईना.

त्याच दिवशी त्यानं ठरवलं. शेतात जायला त्याची एक जुनी जीप होती. तिच्यात वूफर बसवायचा. अप्पांनी ऐन उमेदीत वाजवलेल्या सोमवारच्या भजनाची कॅसेट त्यानं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली होती. येत्या शिवरात्रीला अप्पांना मागे बसवून तेलगाववरून धर्मापुरीला न्यायचं, आणि वाटभर त्यांचाच पखवाज त्यांना ऐकवायचा.

"पुढच्या शिवरात्रीला ऐकू येईल का न्हाई, कुणाला म्हायती?" तो म्हणाला. "यंदाच केलं पायजे, मास्तर."

दुकानात एक काढून ठेवलेला वूफर होता, कागदी कोनाचा, म्हणजे पुढचा थरथरणारा पडदा कागदाचा. घाईत तोच बसवला. अंगणात जीप उभी करून भजन लावलं. अप्पांनी पेटीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "डावं तोंड कोरडं हाय."

बसूनं बटणं फिरवून बघितली. अप्पा मान हलवत राहिले.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. कणीक लागली की आवाज खाली उतरतो, भरतो. वाजवून झालं की खरवडून काढतात. अप्पांनी हे जन्मभर केलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुनेकडे, ईश्वरीवहिनींकडे, कणकेचा गोळा मागितला. वहिनींना वाटलं, अप्पा खुंटीवरचा पखवाज काढताहेत. त्यांना बरं वाटलं. चांगला मोठा गोळा दिला.

अप्पा तो घेऊन जीपमध्ये गेले. पेटीपुढची जाळी काढली आणि वूफरच्या कागदी कोनावर मधोमध कणीक थापली. गोल, नीट, बोटानं कडा बसवून. मग पोराला हाक मारली.

"लाव आता."

बसूला काही दिसलं नाही, अप्पांनी जाळी परत लावली होती. त्यानं भजन लावलं आणि जीप शेताकडे काढली. मी पुढे होतो. वाटेत अप्पा मागून ओरडले, "आता कसं!" पण ओढ्याच्या उतरंडीला जीप आदळली, आणि मागून कापड फाटल्यासारखा आवाज आला. मग नुसती फरफर.

कागद भिजून फाटला होता. कणकेचा गोळा पेटीत पडला होता.

घरी आल्यावर ईश्वरीवहिनींनी कपाळाला हात लावला. "अहो, मला काय म्हायती, मामंजी कणीक त्याला लावतेत म्हणून!"

बसू जीपच्या पायरीवर बसून इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग उठून त्यानं अप्पांच्या दंडाला हात लावला आणि तोंडापुढे येऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "अप्पा, ह्याला कणीक लागत न्हाई."

अप्पांना ओठ वाचता येत होते. "डाव्या तोंडाला कणीक लागतीच," ते म्हणाले. "तुला काय कळतंय त्यातलं?"

संध्याकाळी बाकड्यावर बसू मला म्हणाला, "पण मास्तर, आवाज खाली उतरला व्हता बे. थोडा येळ का व्हईना, उतरला व्हता. म्हातारा कसा खूश झाल्ता, बगितलं न्हाई का तू?"

"मग अप्पांना समजावून सांग ना. बटणानंही खाली येत असेल."

"समजावू कशाला? हात त्यांचा, डोकं त्यांचं. वूफर बदलू. कणीक लावली तरी टिकंल असा आणू."

म्हणून आम्ही बीडला गेलो. बसूनं स्टीलच्या डब्यात कणीक घेतली होती. त्याचे ठोक दुकानदार बंकटशेठ. त्यांनी डबा उघडलेला बघितला.

"जेवण आणलं का?"

"कणीक हाय."

"पोळ्या लाटतो का माज्या काउंटरवर?"

"तुमी नुसतं बगा, शेठ."

पहिल्या वूफरचा कोन प्लास्टिकचा होता, पण कड फोमची. बसूनं तो बाजूला सारला. दुसऱ्याची चौकट अंगठ्यानं दाबून बघितली आणि परत दिला. तिसरा जड निघाला. ओतीव चौकट, जाड प्लास्टिकचा कोन, रबरी कड. बसूनं दोन्ही तळव्यांनी कोन हळूच आत दाबला आणि कान लावला. आत काही घासत नव्हतं. चुंबकाला धरून गदागदा हलवला. मग डब्यातली कणीक काढून कोनावर थापली आणि चहा मागवला.

दुकानातले लोक गोळा झाले. एक जण म्हणाला, "तेल लावा थोडं, खमंग लागंल." बसूनं त्यालाही चहा पाजला.

चहा झाला. कणीक खरवडली. ओल्या फडक्यानं कोन पुसला. डागसुद्धा नव्हता.

"ह्यो दुसऱ्याएवडा घुमत न्हाई हां," बंकटशेठ म्हणाले. "माल खपवायचा म्हणून खोटं बोलनार न्हाई."

"घुमायचं न्हाई मला, शेठ. टिकायचं हाय."

परतीच्या वाटेवर वूफर त्याच्या मांडीवर होता. एस. टी. खड्ड्यात आदळली की तो दोन्ही हातांनी त्याला उचलून धरायचा. मी म्हणालो, "टिकाऊ आहे ना? मग उचलतोस कशाला?" तो म्हणाला, "टिकायचं काम जीपमदी गेल्यावर. तवर आपलं."

मग रोज दुपारनंतर तो जीपखाली असायचा. नवी प्लायवूडची पेटी त्यानं मागच्या बाकड्याखाली बसवली, अप्पांच्या पाठीशी येईल अशी. जाळी खिळ्यांनी न मारता चिमट्यांची केली, अप्पांना काढता यावी म्हणून. गिऱ्हाइकं थांबायची. गहिनीनाथ ओरडून गेला, "आमची कामं शिवरात्रीनंतरच का, बे?" बसू जीपखालून म्हणाला, "व्हय."

अप्पा रोज विचारायचे, "झालं का?" बसू बोटांनी दाखवायचा, थोडं.

आणि मग तो गेला.

माती दिल्यावर बसूच्या घरी आलो. ईश्वरीवहिनी आत होत्या. अप्पा अंगणात उभ्या असलेल्या जीपमध्ये जाऊन मागच्या बाकड्यावर बसले. रोज बसतात. पाठ टेकवून, दोन्ही हात बाकड्यावर उपडे ठेवून. काल मी जेवण घेऊन गेलो. ताट घेताना अप्पा म्हणाले, "कुत्रं भुंकलेलं आता येत न्हाई मला ऐकू. परवापर्यंत येत व्हतं."

शिवरात्र येत्या रविवारी आहे.

आज सकाळी गहिनीनाथ आला. अप्पांना धर्मापुरीला मी नेतो, म्हणाला. त्याआधी ते वूफरचं राहिलेलं जोडून टाकू. तो जीपखाली शिरला. मीही वाकून बघितलं. तो बराच वेळ आत होता. मग तसाच बाहेर आला. अंगावर माती होती. पान्याला हातच लावला नव्हता.

"माज्यानं न्हाई व्हत," तो म्हणाला. "थोडं थांब."

पेटीपासून पुढच्या प्लेअरपर्यंतची वायर उघडी सोडली तर खडी उडून कापली जाते, म्हणून बसू ती रबरी नळीतून ओवत होता. मागून सुरू करून, पट्ट्यांनी तळाला बांधत तो जीपच्या मध्यापर्यंत आला होता. तिथं वायरचं वेटोळं करून अडकवलं आहे. पुढची नळी मापानं कापून शेजारीच ठेवली आहे. ती अजून ओवलेली नाही.