दवाखान्यातल्या दोन पायऱ्या

माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं तेव्हा सासूबाईंचं काळजाचं दुखणं उघडकीला आलं. वडगाव निंबाळकरला कालव्याच्या पाण्यावर आमचं माळवं असे. वांगी, गवार, मेथी त्या स्वतः तोडत आणि बारामतीच्या बाजारात स्वतः विकत. एका सकाळी वाफ्यातच छाती धरून खाली बसल्या. पुण्याच्या इस्पितळात कार्डिओग्राम काढला, झटका निघाला. कित्येक आठवडे पाठीवर झोपवून मग त्यांना घरी पाठवलं.

घरी आम्ही त्यांना काही करू देत नव्हतो. पाण्याचा तांब्याही मामंजी हातातून काढून घेत. शेजारणी यायच्या, हळू आवाजात बोलून जायच्या. सासूबाई भिंतीकडं तोंड करून पडून राहत. एकदा मला म्हणाल्या, "पोरी, मी हाय का गेले, त्ये तरी कुनी सांगा."

ते ऐकून मी मालकांच्या मागं लागले आणि आम्ही त्यांना बारामतीच्या डॉक्टरांकडं नेलं. दवाखान्यात दोन लाकडी पायऱ्या ठेवलेल्या होत्या.

"मावशी, ह्या चढायच्या, पलीकडं उतरायच्या, वळून पुन्हा चढायच्या," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या काळजाला किती काम झेपतं ते बघू. दुखलं, दम लागला, तर लगेच सांगायचं."

त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब घेतला. सासूबाईंनी पदर खोचला. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांच्या तोंडावर हुशारी दिसली. तोल जाऊ नये म्हणून मी त्यांचा हात धरून शेजारी उभी राहिले.

सुरुवातीला त्या झपाझप चढल्या-उतरल्या. मग त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतायला लागली. वरच्या ओठावर घाम आला.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय."

वाफ्यात बसल्या तेव्हा होता तसाच चेहरा मला दिसला. "डॉक्टर, थांबवा. दुखतंय त्यांना," मी म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना बसवलं, जिभेखाली गोळी दिली. थोड्या वेळानं कळ उतरली तशा त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "झालं तुझं समाधान? आता निजवा मला परत." आणि रडायला लागल्या. त्यांना रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. "मावशी, निजवायला नाही बोलावलं तुम्हाला. कुठवर गेलं की दुखतं ते आता कळलं. त्याच्या अलीकडचं सगळं तुमचं. स्वैपाक करा, भाजी निवडा, कालव्यापर्यंत सावकाश चाला. डोक्यावर पाटी नाही, घागर नाही."

"आन् बाजार?"

"बसून विकायचं. थोडं बरं वाटू दे. ओझं दुसऱ्यानं न्यायचं."

"मग आदी सांगायचं व्हतं की," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

एस.टी.त त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. घरीही काही दिवस अबोलाच होता. मग एका सकाळी चुलीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "सर तिकडं. भाकरी करपाय लागलीया." मी सरकले. मामंजींनी दारातून बघितलं आणि तसेच बाहेर निघून गेले.

संध्याकाळी आम्ही दोघी कालव्याकडं चालायला जायचो. दम लागला की त्या कुणाच्या तरी शेताच्या बांधावर थांबत. "दमले न्हाय मी. ह्येची गवार बगतीया," म्हणत. मग मीही गवार बघत उभी राहायची.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा पायऱ्या चढायला लावल्या. ह्या खेपेला त्या बराच वेळ चढत-उतरत राहिल्या आणि स्वतःच हात वर करून म्हणाल्या, "बास. छाती भरून आली."

डॉक्टर हसले. "आता जा बाजाराला," म्हणाले.

पुढच्या बाजाराला पाटी माझ्या डोक्यावर होती. सासूबाई पोतं अंथरून बसल्या. एक बाई मेथीच्या जुडीच्या भावावरून हुज्जत घालायला लागली, तसा त्यांचा आवाज चढला. मी घाबरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"गप बस गं," त्या म्हणाल्या, "ही बाई दर बाजाराला अशीच करती."

आणि ती जुडी त्यांनी आपण सांगितलेल्या भावालाच विकली.